डायबेटिक बिस्किटं, शुगर फ्री मिठाई वगैरे... खरंच चालतात का हो?

जेलरोडकर (रविवार, रात्री १०.१२)

मंडळी, प्रश्न साधाच आहे पण सांगायला जरा लांबण लागणार.

बाबा वय ६९, प्रेसमधून (नाशिकच्या छापखान्यातून) रिटायर, डायबेटिस चौदा वर्षं. गोळ्या चालू, इन्सुलिन नाही. सकाळी चालणं, भात एकच वाटी, बिनसाखरेचा चहा, म्हणजे आईच्या भाषेत 'शहाणं पेशंट'. पाच वाजता चहा घेतात आणि सातच्या सुमाराला घरच्या मशीनवर शुगर बघतात, वहीत लिहून ठेवतात, प्रेसमधली सवय, तारीख-वार-सही सगळं. ती नेहमी १५०-१६० असायची ती गेले तीन आठवडे दोनशेच्या खाली यायलाच तयार नाही, एकदा तर २३१. आईने आधी तुपावर संशय घेतला, मग शेजारच्या काकूंनी 'टेन्शन असेल' म्हणून सांगितलं, मी म्हटलं मशीनच्या पट्ट्या जुन्या झाल्या असतील म्हणून नवीन डबी आणली. आकडा तोच.

मग काल सापडलं. मावसबहिणीने प्रेमाने डायबेटिक कुकीजचे बरेच बॉक्स आणून दिलेत. हिरवा बॉक्स, वर एक पान, एक हृदय, 'झिरो शुगर' आणि 'डायबेटिक फ्रेंडली'. आधी बाबा मोजून दोन मारी खायचे, ती पण अपराधी चेहऱ्याने. आता स्टीलच्या डब्यात या कुकीज काढून ठेवल्यात आणि चहाबरोबर सहा-सात आरामात जातात. विचारलं तर म्हणे, 'यात साखरच नाहीये ना रे, मग कशाला मोजायची?'

मी मोबाईलचा टॉर्च लावून मागची बाजू वाचली, अक्षरं मोहरीएवढी. मैदा, पाम तेल, माल्टिटॉल, मग ओट्स ५ टक्के, मग मीठ, खायचा सोडा वगैरे. १०० ग्रॅममागे कार्बोहायड्रेट ६६, त्यात पॉलिऑल (म्हणजे ते माल्टिटॉलच, साखरेऐवजी गोडीला घालतात ते) १८, साखर ०.४, कॅलरी ४७०. बॉक्स २०० ग्रॅमचा, २४० रुपयांना. एक कुकी वजनकाट्यावर ठेवली, १० ग्रॅम भरली.

तर हे नक्की काय आहे? फसवणूक म्हणायची, की आम्हीच येडे?

निशिगंधा_सिडको

दोन्ही थोडं थोडं 😀

आमच्याकडे गेल्या दिवाळीत शुगर फ्री काजूकतली आली होती. सासूबाईंनी लक्ष्मीपूजनाला दोन, पाडव्याला चार, आणि मग कोणी बघत नाही म्हटल्यावर किती ते देवाला माहीत. भाऊबीजेला त्यांचा भाऊ ओवाळून घ्यायला पाटावर बसलाय, निरांजन विझायला आलंय आणि या बाथरूममधून 'आले आले, पाचच मिनिटं' करतायत. नंतर बॉक्सच्या तळाशी बघितलं तर लिहिलेलंच होतं की पॉलिऑलमुळे जुलाब होऊ शकतात. ते लिहिणारा शहाणा, तळाशी लिहिणारा अतिशहाणा.

आणि साखर काढली तरी काजू काजूच राहतो ना, त्याच्या कॅलरी कुठे जाणार.

डबा_आणि_डाएट

मी आहारतज्ज्ञ आहे, गंगापूर रोडला बसते. जेलरोडकर, तुमचा बॉक्स म्हणजे आमच्या कामाचा आदर्श नमुना आहे, वर्गात शिकवायला न्यावा असा.

आधी हिशोब करू. सात कुकीज म्हणजे ७० ग्रॅम, त्यात कार्ब साधारण ४६ ग्रॅम. त्यातले माल्टिटॉलचे बारा-तेरा बाजूला काढा, राहिले ३३. हे सगळं मैद्याचं पीठ. एका मध्यम पोळीत वीसेक ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे बाबा चहाबरोबर दीड पोळी खातायत, ती पण मैद्याची, पाम तेलात मळलेली, भाजीशिवाय. वर माल्टिटॉल आहेच. ते साखर नसलं तरी शून्य नाही, शुगर वाढवतं, फक्त साखरेपेक्षा कमी आणि हळू. ग्रॅमला दोन-सव्वादोन कॅलरी, साखरेच्या चार. आम्ही पॉलिऑल ढोबळमानाने निम्मे धरतो. बाकी ३३० कॅलरी झाल्या तो हिशोब वेगळाच.

आता फसवणूक का? कायद्याने नाही. एफएसएसएआयच्या (अन्नावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमात 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. तुमच्या बॉक्सवर ०.४ आहे, म्हणजे बरोबर उंबरठ्याच्या आत. पण नियम साखरेबद्दल बोलतो, पिठाबद्दल नाही, आणि शरीराला मैदा काय साखर काय, शेवटी ग्लुकोजच करायचंय. 'नो ॲडेड शुगर' तर आणखी गमतीशीर. वरून साखर घातली नाही एवढाच त्याचा अर्थ. खजुराचे लाडू, अंजीर बर्फी यांच्यावर हे बिनधास्त लिहितात, आणि खजुरात स्वतःचीच साखर वजनाच्या साठ टक्क्यांच्या वर असते.

आणखी एक शब्द ध्यानात ठेवा, माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर. साखरेच्या रकान्यात तो बहुतेक दिसतच नाही, पण रक्तातली शुगर साखरेइतकी, कधी कधी साखरेपेक्षाही भराभर चढवतो. डायबेटिसवाल्यांसाठी म्हणून महागड्या पावडरी विकतात त्यातल्या काहींच्या यादीत हा बराच वर असतो. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, त्यामुळे पहिली तीन नावं वाचली तरी पुरे. समोरच्या बाजूवरचं पान-फूल-हृदय वाचू नका.

अवांतर: जर्मनीत मधुमेहींचं खाणं म्हणून वेगळा माल विकायची कायद्यातच सोय होती, दुकानात त्याची वेगळी फळी असायची. साखरेऐवजी फ्रुक्टोज घालायचे, आणि चरबी-कॅलरी बऱ्याचदा साध्या मालापेक्षा जास्तच. तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते की याचा उपयोग नाही. शेवटी २०१० मध्ये ती तरतूद काढली आणि उरलेला माल संपवायला २०१२ पर्यंत मुदत दिली. आपल्याकडे ती फळी आत्ता कुठे भरायला लागलीये.

मातीशी_नाळ

एवढं सगळं केमिकल खायचंच कशाला? आमचे आजोबा रोज जेवणानंतर गुळाचा खडा खायचे, ९१ वर्षं जगले, डायबेटिसचं नाव नाही. साखर बंद करा, सेंद्रिय गूळ आणि मध सुरू करा. पांढरं विष ते हेच. जे नैसर्गिक ते कधी अपाय करत नाही.

सिन्नरफाटा

दादा, धोतराही नैसर्गिकच आहे.

आणि तुमचे आजोबा गुळाच्या खड्यानंतर काय करायचे ते पण सांगा की. माझे आजोबा पण गूळ खायचे आणि मग कांद्याच्या वाफ्यांना पाणी भरायला जायचे, तीन तास. आम्ही गूळ खातो आणि वेब सिरीज लावतो. गूळ म्हणजे बहुतांश साखरच हो, सोबत थोडं लोह आणि थोडी खनिजं, तेवढ्यासाठी खायचा तर किलोभर खावा लागेल. मधात सुद्धा जवळपास ८० टक्के साखरच, फक्त मधमाशीने केलेली.

आईला तीन वर्षांपूर्वी कोणीतरी 'गुळाचा चहा चालतो' म्हणून सांगितलं, ती दिवसातून चार कप प्यायला लागली. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.१ चं ८.६. डॉक्टर नुसते बघत राहिले.

काउंटरपलीकडून

मेडिकलचं दुकान आहे माझं, इंदिरानगर साइडला, बावीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर या मालावर मार्जिन चांगलं असतं म्हणून बिलिंगच्या शेजारी ठेवतो. आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) पाहणी २०२३ मध्ये आली त्यात देशात १० कोटींच्या वर डायबेटिसवाले, आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटींच्या पुढे. एवढं गिऱ्हाईक समोर असल्यावर कोण सोडेल? दर महिन्याला नवीन सेल्समन नवीन डबा घेऊन येतो. डायबेटिक चिवडा पण आलाय. नाशिकच्या माणसाला डायबेटिक चिवडा विकायला येतात म्हणजे हिंमत बघा!

पण कुकीजपेक्षा माझी खरी भीती ज्यूसची आहे. कारलं-जांभूळ ज्यूस प्यायला तर प्या बापडे, पण लोक ज्यूस सुरू केला की गोळी अर्धी करतात, आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. महिनाभराने पायाची जखम दाखवायला येतात. तसं करू नका, हात जोडतो.

दुसरं म्हणजे उलटं. शुगर एकदम उतरते तेव्हा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी जेवण चुकवलं की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. एक बाई मिस्टरांना रिक्षातून दुकानात घेऊन आल्या, माणूस घामाने भिजलेला, आणि बाई त्यांना शुगर फ्री गोळ्या चघळायला देतायत! का, तर 'त्यांना साखर बंद आहे ना'. अशा वेळी साखरच लागते. तीन चमचे साखर पाण्यात नाहीतर ग्लुकोज पावडर, पंधरा मिनिटांनी परत शुगर बघायची. माणूस शुद्धीत असेल तरच तोंडातून द्यायचं, नाहीतर सरळ दवाखाना. आणि व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर साखर उशिरा लागू पडते, त्यांनी ग्लुकोज पावडरच घरात ठेवावी. हे मी प्रत्येक पाकिटावर पेनाने लिहून देतो.

टाइप_वन_टवाळ

वरच्या काकांना दंडवत. मी त्या रिक्षातला नाही पण तसाच एक आहे 😅

टाइप वन (म्हणजे इन्सुलिनवाला डायबेटिस), वयाच्या अकराव्या वर्षापासून, आता ३१. त्र्यंबक रोडला बाईक चालवताना शुगर ६० च्या खाली गेली, खिशात चॉकलेट होतं, आनंदाने खाल्लं, दहा मिनिटं झाली तरी हात थरथरतायत. रॅपर बघितलं तर शुगर फ्री. ताईने माझ्या काळजीपोटी घरातली सगळी चॉकलेटं बदलून टाकली होती! शेवटी रसवंतीवर गाडी लावली, तिथल्या माणसाला वाटलं पिऊन आलाय.

पण मी इथे जरा दुसरी बाजू मांडतो, कारण धागा एकदमच 'सगळं वाईट' कडे चाललाय. बिस्किटं आणि स्वीटनर एका तागडीत टाकू नका. चहात सुक्रालोज किंवा स्टीव्हियाची गोळी टाकली तर शुगर जवळजवळ हलत नाही, हे मी हजारदा मोजून बघितलंय. पुड्या येतात त्यात भर म्हणून थोडं डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन असतं, पण एका पुडीत ग्रॅमभर सुद्धा नसतं, चहापुरतं सोडून द्या. गोडी बिनधोक असते, अडकायला होतं ते गोडीसोबत आलेल्या मैद्यात.

व्हॉट्सॲपवर फिरतं ना की डब्ल्यूएचओने स्वीटनर बंद करायला सांगितले, ते २०२३ चं आहे. वजन कमी करायला म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नका असं ते म्हणतात, आणि ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांना ती शिफारस लागू नाही हे तिथेच लिहिलंय. तेवढी ओळ फॉरवर्ड करताना गळून पडते. म्हणून मी दिवसाला लिटरभर डाएट कोला पितो असं नाही हां, पण लग्नात एक ग्लास घेतला तर मावशीने डोळे वटारू नयेत.

जेलरोडकर

बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद. धन्यवाद सगळ्यांना. डबा_आणि_डाएट ताई, दीड पोळीचा हिशोब बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले 'मग मी पोळीच खाल्ली असती'. पाच मिनिटं गप्प होते.

पुढचा प्रश्न: मग आणायचं काय? आई म्हणते नागलीची (नाचणीची) बिस्किटं आणू. आणि घरात मल्टिग्रेन आटा चालू आहे, डायबेटिसला चांगला म्हणून. त्याची यादी आज वाचली, गहू ९० टक्के आणि उरलेल्या दहात सोयाबीन, हरभरा, ओट्स, मका, नागली सगळे दाटीवाटीने बसलेत, सिटी बससारखे.

सुरगाण्याची_लेक

नागलीचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसती वाचते.

आमच्या सुरगाणा-पेठकडे नागली म्हणजे पोट भरायचं धान्य. डोंगरउतारावर लावायची, आवणी करायची, कंबर मोडते. तिच्या नावाने आता शहरात दीडशे रुपयांना बिस्किटं बघते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. मागच्या महिन्यात नाशिकला एका दुकानात पुडा उचलला, समोर नागलीच्या कणसाचं सुंदर चित्र, मागे मैदा, साखर, वनस्पती तेल आणि मग नागली १२ टक्के. अहो बारा टक्क्यांत बिस्किटाला नुसता रंग येतो.

घ्यायचीच तर नागली घ्या आणि दळून आणा. पण एक सांगते, लोकांना वाटतं नागली म्हणजे शुगरचं औषध, तसं नाहीये. तिच्यात पण कार्ब गव्हाएवढेच आहेत, फक्त चोथा चांगला आहे, कॅल्शियम भरपूर. भाकर खाल्ली, सोबत भुजकं किंवा पालेभाजी, तर पोट टिकतं. तेच नागलीचं सत्त्व काढून पातळ पेज केली तर चोथा गाळण्यात गेला आणि पेज घशाखाली उतरायच्या आत शुगर वर. आमच्या आत्याला हे मशीनवर बघून कळलं, तोवर ती दिवसातून दोनदा पेज प्यायची, 'पौष्टिक' म्हणून.

डबा_आणि_डाएट

सुरगाण्याच्या ताई, तुम्ही माझ्या जागी बसा, मी भाकर खायला येते. अक्षरशः हेच.

आट्याबद्दल: गहू ९० टक्के असेल तर तो गव्हाचाच आटा समजून खा. चक्कीवर पाच किलो गव्हात किलो-दीड किलो हरभरे टाकून दळलं तर जास्त फरक पडतो, आणि कोंडा चाळून टाकू नका.

झणझणीत_४२२

मिसळ चालते का? एवढंच सांगा, बाकी सगळं ऐकतो.

डबा_आणि_डाएट

मटकी चालते. पाव, फरसाण, तर्री आणि वरची जिलबी हे मटकीचे नातेवाईक आहेत, ते न बोलावता येतात.

झणझणीत_४२२

म्हणजे नुसती उसळ खायची. त्यापेक्षा संन्यास घेऊन त्र्यंबकला जातो.

खडूस_आजोबा

वय ७१, डायबेटिस २३ वर्षं, कृषीनगरच्या ट्रॅकवर रोज भेटाल.

तरुण मंडळी हिशोब चांगला करतायत पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. त्या कुकीज जेलरोडकरांचे वडील चवीसाठी खात नसणार. मी खाल्ल्यात, भुशासारख्या लागतात. माणूस त्या खातो कारण चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला 'खा' म्हटलेलं असतं. घरात सगळे हाताकडे बघत असतात. लग्नात पंगतीत बसलं की वाढपी सुद्धा थबकतो आणि विचारतो, 'आजोबा, जिलबी चालते ना?' सगळी पंगत वळून बघते. अशा माणसाच्या हातात 'तुमच्यासाठी' लिहिलेला डबा आला की तो सात खाणारच.

मी शुगर फ्री मिठाई घरात येऊ देत नाही. महिन्यातून एकदा रविवार कारंजा चौकात जातो, एक खराखुरा पेढा घेतो, एक म्हणजे एकच, उभ्या उभ्या खातो, त्या दिवशी दुपारी भात सोडतो. डॉक्टरांना माहीत आहे. सुनेला माहीत नाही. इथे आहे का कोणी ओळखीचं?

निशिगंधा_सिडको

आजोबा, कारंजावर कोणत्या रविवारी? सासूबाईंना पाठवते सोबतीला 😀

जेलरोडकर (शुक्रवार, रात्री ९.०५)

अपडेट देतो, कारण अपडेट न देणाऱ्यांचा मला पण राग येतो.

बाबांनी स्वतःच प्रयोग केला. दोन दिवस, पाचचा तोच चहा, आधी आणि दोन तासांनी मोजायचं. बुधवारी सहा कुकीज: आधी १४८, नंतर २१९. गुरुवारी मूठभर फुटाणे: आधी १५१, नंतर १७२. दोनच दिवसांचं आहे, आणि मशीन पण दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे दाखवते हे मला कळतं, पण बाबांना वहीतले आकडे म्हणजे सातबारा. वहीत बुधवारपुढे लाल पेनाने 'कुकीज' लिहून खाली सही केलीये. सोमवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, वही घेऊन जाणार आहेत. गोळ्यांना आम्ही हात लावलेला नाही.

आणि खडूस_आजोबा, तुमचा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला नाही. आईला दाखवला. तिने काही म्हटलं नाही, पण आज चहाच्या वेळी ती टीव्हीकडे तोंड करून बसली, बाबांच्या हाताकडे नाही.

आज संध्याकाळी बाबा मला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. खिशातून भिंग काढलं, स्टॅम्प बघायचं जुनं, आणि एकेक पुडा उलटा करून वाचायला लागले. मागे चार गिऱ्हाईकं खोळंबलेली, मला मेल्याहून मेल्यासारखं. शेवटी साध्या मारीचा छोटा पुडा घेतला. दुकानदाराची पोरगी म्हणाली, 'काका, हे डायबेटिक नाहीये, डायबेटिकवालं त्या फळीवर आहे.'

बाबा म्हणाले, 'असू दे, मी आहे ना. दोन खाईन.'

काउंटरपलीकडून

बाबांना माझ्या दुकानात आणू नका प्लीज 😄

टाइप_वन_टवाळ

उरलेले बॉक्स कुठे गेले ते सांगा आधी.

जेलरोडकर

मावसबहिणीकडे जाणार. रविवारी ती येतेय, चहाबरोबर तिलाच देणार.